ऑपरेशन झालेला गुडघा, बारीक राहिलेली मांडी आणि ४० किलोचा स्क्वॉट

"ताई, मी ३१ वर्षांची, माहेर-सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं, आता नोकरीमुळे पुण्यात. कॉलेजपर्यंत खो-खो खेळले. तीन वर्षांपूर्वी गाडी घसरून डाव्या गुडघ्याचा एसीएल (गुडघा आतून धरून ठेवणारी दोरी, लिगामेंट) तुटला, दुर्बिणीने ऑपरेशन झालं. फिजिओ दोनेक महिने केली, मग ऑफिस सुरू झालं आणि ते राहूनच गेलं. आता वजन ५८ किलो, आठ महिने झाले जिमला जाते. ४० किलोचा स्क्वॉट मारते, पण खाली गेलं की कंबर उजवीकडे सरकते आणि डावा गुडघा आत येतो, मैत्रिणीने व्हिडिओ काढला त्यात सरळ दिसतंय. एका पायाने लेग प्रेस (मशीनवर बसून पायाने वजन ढकलायचं) केला तर उजव्याने ६० किलो दहा वेळा जातो, डाव्याने ४० लाच दम लागतो. डावी मांडी अजून बारीक आहे. जिना उतरताना वाटीच्या मागे दुखतं. ट्रेनर म्हणतो वजन वाढव, बॅलन्स आपोआप येईल. सासूबाई म्हणतात ऑपरेशन झालेल्या पायाने उठाबशा कशाला. डॉक्टरांनी तेव्हा खाली बसू नका सांगितलेलं. गावच्या घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे, तिथे जायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. डाव्या पायाला डबल सेट मारू का? नी कॅप घालू का? गुडघा बोटांच्या पुढे गेला तर चालतो का? की स्क्वॉट सोडूनच देऊ?"

अगं, सोडू नकोस अजिबात. पण उद्या जिममध्ये गेलीस की आधी बारवरच्या प्लेटा उतरव, कारण तो ४० किलोचा स्क्वॉट तू दोन पायांनी मारतच नाहीयेस, बराचसा उजव्यानेच मारतेयस आणि डावा नुसता सोबतीला उभा आहे. तूच लिहिलंयस, उजव्याला ६० जातो आणि डाव्याला ४०, म्हणजे डाव्याची ताकद उजव्याच्या दोन तृतीयांश. दोन पायांत थोडा फरक सगळ्यांनाच असतो, कधीच काही न लागलेल्या माणसातही पाच-दहा टक्के सापडतो आणि त्याने काही बिघडत नाही, एसीएलच्या ऑपरेशननंतर खेळाडूला मैदानात परत सोडतानाही साधारण ९० टक्के हा आकडा बघतात. तुझा ६७ च्या आसपास आहे. तीन वर्षांनंतर हा आकडा कमी आहे, पण हाताबाहेर गेलेला नाही, आणि हे तुला बरं वाटावं म्हणून लिहीत नाहीये, उशिरा सुरुवात करूनही मांडी भरते, ताकद येते, स्नायूला तारखेशी काही देणंघेणं नसतं, त्याला काम मिळतंय की नाही एवढंच कळतं.

ट्रेनरचं म्हणणं मात्र मला पटत नाही. वजन वाढवून बॅलन्स येत नाही, उलट बिघडतो. दोघं जण भरलेला सिलिंडर जिन्याने वर नेत असले आणि एकाने हात जरा सैल सोडला तरी सिलिंडर वर पोचतोच, दुसऱ्याच्या अंगावर तेवढा जास्त भार येतो एवढंच, आणि सिलिंडर जितका जड तितका कच्च्या गड्याचा हात जास्त सैल. तुझ्या कंबरेचं उजवीकडे सरकणं हे तेच आहे. तू मुद्दाम करत नाहीस, तुला ते जाणवतही नसेल, व्हिडिओ बघेपर्यंत जाणवलंच नव्हतं ना? ऑपरेशन झालेल्या पायावरून भार काढून घ्यायची ही सवय एसीएलच्या पेशंटमध्ये कित्येक महिने, कधी वर्षानुवर्षं राहते हे नीट मोजून बघितलेलं आहे. त्यामुळे दोन पायांच्या स्क्वॉटने डावा पाय उजव्याला गाठेल अशी आशा धरून बसलीस तर तू आणखी वर्षभर उजवाच पाय तयार करशील.

आता मांडी बारीक का राहिली ते आधी समजून घे, म्हणजे स्वतःला आळशी म्हणणं बंद करशील (पत्रात दोनदा म्हटलंयस, ते मी इथे छापलं नाही). गुडघा सुजला, आत पाणी झालं, की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला जाणारा हुकूम आपणहून कमी करतो. चांगल्या, निरोगी गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी इंजेक्शनने भरून बघितलेलं आहे, २०-३० मिली म्हणजे दोन-तीन चमचे पोह्याचे भरतील एवढ्या पाण्याने सुद्धा वाटीच्या आतल्या बाजूचा स्नायू ढिला पडायला लागतो. म्हणजे ऑपरेशननंतरचे पहिले काही आठवडे तू कितीही जोर लावलास तरी तो स्नायू पूर्ण चालूच होत नव्हता. सूज उतरल्यावर त्याला परत कामाला लावायचं असतं आणि ते काम दोन महिन्यांत संपत नाही, नऊ-दहा महिने तरी चालतं. नेमकं तिथेच तुझं ऑफिस सुरू झालं. आपल्याकडे बहुतेकांचं असंच होतं, चालता यायला लागलं की फिजिओ बंद, आणि घरचेही म्हणतात आता बरी झालीस की.

व्यायामाचं सांगण्याआधी एक काम. ऑपरेशनची फाइल काढ, डिस्चार्ज कार्डवर नाही मिळालं तर ऑपरेशन नोट माग, आणि दोन गोष्टी बघ. एक म्हणजे लिगामेंट कशापासून बनवलं, मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंगच्या दोरीपासून की वाटीखालच्या दोरीपासून. हॅमस्ट्रिंग घेतली असेल तर मागची बाजूही कच्ची असणार, तीही धरायची. वाटीखालची घेतली असेल तर गुडघा टेकून बसल्यावर पुढे दुखणं बऱ्याच जणांना राहतं, त्याला घाबरायचं नाही, देवासमोर बसताना खाली उशी घ्यायची. दुसरं म्हणजे गादी, मेनिस्कस. ती शिवलेली असेल तर डॉक्टर सुरुवातीचे काही महिने गुडघा ९० अंशापेक्षा जास्त वाकवून भार घेऊन बसू देत नाहीत. तुझ्या डॉक्टरांनी "खाली बसू नका" बहुतेक याच साठी किंवा नुसतंच नव्या लिगामेंटची काळजी म्हणून सांगितलं असेल, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. पण ती सूचना त्या वेळची होती. तीन वर्षांनी एकदा परत जाऊन गुडघा दाखव आणि सरळ विचार, आता पूर्ण खाली बसू का, वजन घेऊन स्क्वॉट करू का. आपण जन्मभर जुनी चिठ्ठी पाळत बसतो आणि डॉक्टरांना वाटतं हिने केव्हाच सुरू केलं असेल.

आणि हे दाखवणं पुढे ढकलायचं नाही अशा काही खुणा आहेत. गुडघा अडकतो, म्हणजे वाकवला की सरळच होत नाही, हाताने हलवून सोडवावा लागतो. चालताना किंवा वळताना अचानक दगा देतो, निसटल्यासारखा होतो. व्यायामाच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी फुगतो. किंवा झोपून दोन्ही पाय पसरले तर डावा गुडघा उजव्याएवढा सरळ होत नाही, खाली पोकळी राहते. यातलं काहीही असलं तर आधी डॉक्टर, मग जिम. पोटरी अचानक सुजून गरम आणि दुखरी झाली तर त्याच दिवशी. तू लिहिलेलं दुखणं, जिना उतरताना वाटीच्या मागे, हे यातलं नाही. सपाट चालताना वाटीवर जेमतेम शरीराच्या वजनाएवढा दाब येतो, जिना उतरताना तो साधारण तिपटीवर जातो, आणि पुढचा स्नायू कच्चा असला की पाय खाली सोडताना ब्रेक नीट लागत नाही. म्हणून उतरताना दुखतं, चढताना कमी.

आता घरी एक गोष्ट करून बघ, मला ती फार आवडते कारण त्यात कुणाच्या मताचा प्रश्नच येत नाही. बाथरूममध्ये ठेवतात तसले दोन वजनकाटे घे, एक शेजारणीकडून आण. दोन्हीवर आधी एकेकदा पूर्ण उभी राहून ते सारखं वजन दाखवतात का बघ. मग शेजारी शेजारी ठेवून एकेक पाय एकेकावर, समोर बघ, खाली नाही, आणि नवऱ्याला आकडे वाचायला सांग. तुझे ५८ किलो, म्हणजे २९-२९ यायला हवेत. उभं असताना कदाचित येतीलही. मग सावकाश खुर्चीच्या उंचीपर्यंत खाली जा आणि तिथे थांब. तिथे डाव्या काट्यावर २३-२४ दिसले तर समज की ४० टक्केच भार डावीकडे आहे. किती खाली गेल्यावर आकडा हलायला लागतो तेही बघ, ती तुझी आत्ताची खरी खोली, त्याच्या वरच तुझा स्क्वॉट थांबला पाहिजे. आणि मग आकडे बघत बघत मुद्दाम २९-२९ वर आणायचा प्रयत्न कर. पहिल्यांदा तुला वाटेल आपण डावीकडे कलंडलोय! आरशात बघशील तर सरळ असशील. ही जाणीव परत बसवणं हा निम्मा व्यायाम आहे, आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं कर, वजन वगैरे काही नको.

ताकदीचं काम मात्र एकेका पायाने. डावा एकटा असला की भार उजव्याकडे सरकवायला जागाच नसते. मी तुला चार प्रकार सांगते, सगळे एकाच दिवशी मारायचे नाहीत, एका दिवशी दोन पुरे, आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस रिकामा.

पहिला, पायरीवरून उतरणं. जिममधल्या स्टेपरची सगळ्यात खालची उंची घे, १० सेंटीमीटर पुरे, जिन्याच्या पायरीपासून सुरुवात करू नकोस ती जास्त उंच पडते. डाव्या पायावर उभी राहा, उजवा पाय पुढे मोकळा, आणि डावा गुडघा वाकवत उजवी टाच जमिनीला लागेपर्यंत खाली ये, मनात एक-दोन-तीन मोजत. टाच टेकवायची नाही, नुसती शिवायची. समोर आरसा हवाच, आणि पाय गुडघ्याच्या वरपर्यंत दिसेल अशी पँट हवी. आरशात काय बघायचं, तर वाटी. ती पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत खाली जातेय की अंगठ्याच्याही आत वळतेय? उजवा खुबा खाली लटकतोय का? तळपायाची कमान चपटी होतेय का, बोटं जमीन पकडल्यासारखी आकडतायत का? बहुतेक वेळा गुडघा आत जाण्याची सुरुवात वर खुब्यात नाहीतर खाली तळपायात असते आणि बिचाऱ्या गुडघ्याला नावं ठेवली जातात. रॅकला एक बोट टेकवून आधार घे, त्याने फॉर्म सुधारतो, त्यात कमीपणा नाही. आठ नीट जमले की थांब, नवव्याला गुडघा आत गेला तर तो मोजायचा नाही.

दुसरा, खुर्चीवरून उठणं, पण पाय वेगळे ठेवून. दोन्ही पाय शेजारी न ठेवता उजवा अर्धं पाऊल पुढे सरकव आणि त्याची फक्त टाच टेकलेली ठेव. आता बसताना-उठताना उजवा नुसता तोल सांभाळेल, काम डाव्याला करावं लागेल. खुर्ची साधारण ४५ सेंटीमीटर उंच असते, जड गेलं तर वर एक-दोन उश्या ठेव आणि जमायला लागलं की एकेक उशी काढ. हा प्रकार ऑफिसात सुद्धा होतो, मीटिंगमधून उठताना कुणाला कळत पण नाही. पुढे हातात डंबेल घेऊन हाच तुझा मुख्य स्क्वॉट होऊ शकतो.

तिसरा, स्प्लिट स्क्वॉट, डावा पाय पुढे, उजवा मागे चवड्यावर. सुरुवातीला पाऊल लांब टाक आणि नडगी उभी ठेव, वाटीवर दाब कमी येतो. महिनाभराने दुखणं शांत झालं की पाऊल जवळ घेऊन गुडघा पुढे जाऊ दे.

चौथा, लेग एक्स्टेन्शनचं मशीन, म्हणजे बसून नडगीने वजन उचलत गुडघा सरळ करायचा. याला जिममध्ये फार बदनाम केलंय, आणि ऑपरेशननंतर लगेच ते नको हे खरं आहे, पण तुझ्यासारख्या तीन वर्षं झालेल्या गुडघ्यात, डॉक्टरांनी नाही म्हटलेलं नसेल तर, पुढच्या स्नायूला एकट्याला गाठायचा याच्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. स्क्वॉटमध्ये खुबा मदत करतो, कंबर मदत करते, इथे कुणीच मदत करत नाही. एकाच पायाने कर. वाटी कुरकुरत असेल तर पूर्ण सरळ करू नकोस, काटकोनातून अर्ध्यापर्यंत, म्हणजे ९० पासून ४५ अंशापर्यंतच, त्या टप्प्यात वाटीला त्रास कमी होतो. आणि ज्या दिवशी गुडघा अगदीच चिडलेला असेल त्या दिवशी हे काहीच नको, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखी ३०-४५ सेकंद बस, चार-पाच वेळा, दुखणार नाही इतकंच खाली. स्नायू काम करतो आणि गुडघा हलत नाही.

डबल सेटचं विचारलंस. डबल नको. नियम असा ठेव की प्रत्येक प्रकार आधी डाव्याने, ताजी असताना, समजा ८ जमले, की उजव्याने सुद्धा तेवढ्याच वजनाने तेवढेच ८, उजव्याला १५ जमत असले तरी. असे तीन सेट, आणि शेवटी डाव्याचा एक जास्तीचा. बस. दुप्पट मारलेस तर स्नायूच्या आधी वाटी थकेल, गुडघा सुजेल, आणि सुजला की वर सांगितलं तसं स्नायू परत बंद, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. प्रत्येक सेट संपताना अजून दोन निघाले असते असं वाटायला हवं. आणि उजव्याला पूर्ण सुट्टीही देऊ नकोस, एका पायाचा व्यायाम केला की दुसऱ्या पायाची ताकद थोडी वाढते, मज्जासंस्थेची ही गंमत खरी आहे, तिचा फायदा घे.

मग दोन पायांचा स्क्वॉट कुठे गेला? तो राहू दे, पण ताकदीसाठी नाही, घडी बसवण्यासाठी. आठवड्यातून दोनदा, सुरुवातीलाच, थकायच्या आधी. मागे बेंच ठेव, छातीशी ८-१० किलोचं डंबेल उभं धर, पाय खांद्याएवढे, बोटं थोडी बाहेर, दोन्ही पायांची सारखीच. सावकाश खाली, बेंचला हलकं टेकलं की वर, धपकन बसायचं नाही. मोबाइल मागे कंबरेच्या उंचीला ठेवून व्हिडिओ काढ, समोरून नको, कंबर सरकलेली मागूनच दिसते. जिथे सरकायला लागते त्याच्या चार बोटं वर थांब. बेंच उंच लागला तर उंच. हे दोन आठवडे सरळ आलं की नुसता बार घे, मोठा बार २० किलोचा असतो, बऱ्याच जिममध्ये १५ चा पण असतो तो मागून घे, आणि रॅकच्या आडव्या दांड्या तुझ्या सगळ्यात खालच्या स्थितीच्या जरा खाली लावून ठेव, म्हणजे गुडघ्याने दगा दिला तरी बार दांड्यांवर पडेल, तुझ्यावर नाही. लागोपाठ दोन वेळा व्हिडिओत कंबर मध्ये राहिली तरच अडीच किलो वाढव. वजन किती वाढवायचं हे तुझा डावा पाय ठरवणार, ट्रेनर नाही, मी पण नाही. ४० ला परत पोचायला तीन-चार महिने लागले तरी चालतील, त्या वेळी ते खरे ४० असतील.

स्मिथ मशीन, म्हणजे ज्यात बार उभ्या खांबांत अडकवलेला असतो ते, सुचवेल कुणीतरी. बार सरळ रेषेत जातो म्हणून तू पण सरळ जाशील असं नाही, त्याच्या खाली कंबर खुशाल सरकते आणि दिसत पण नाही. तुझ्यासाठी नको.

गुडघा बोटांच्या पुढे जाण्याचं. जातो, आणि जाऊ द्यावा लागतो, तू रोज जिना उतरतेस तेव्हा जातोच. २००३ मध्ये एका अभ्यासात गुडघ्यापुढे फळी लावून लोकांना स्क्वॉट करायला लावला होता. गुडघ्यावरचा ताण साधारण पाचव्या हिश्शाने कमी झाला खरा, पण खुब्यावर येणारा दहापट झाला आणि माणसं पुढे वाकली. म्हणजे भार नाहीसा होत नाही, जागा बदलतो. सध्या तुझी वाटी दुखतेय म्हणून काही आठवडे थोडं मागे बसल्यासारखं कर, चालेल, पण तो कायमचा नियम नको. उलट गुडघा पुढे जात नाही म्हणून टाच उचलली जात असेल तर घोट्याचा कडकपणा बघ, भिंतीसमोर अंगठा ठेवून टाच न उचलता गुडघा भिंतीला लागतो का, आणि अंगठा किती मागे नेता येतो ते दोन्ही पायांचं मोज. दहाएक सेंटीमीटर आलं तर छान. डाव्याचं उजव्यापेक्षा बरंच कमी असेल तर रोज तोच प्रकार १०-१५ वेळा करत जा. टाचेखाली प्लेट ठेवायची युक्ती आत्ता नको, तिने मांडीच्या पुढच्या भागावर आणि वाटीवर भार वाढतो.

नी कॅप घाल, हरकत नाही, उब मिळते आणि गुडघा कुठे आहे याची जाणीव जरा चांगली होते. पण ती लिगामेंट धरून ठेवत नाही, त्यामुळे कॅप घातलीय म्हणून पाच किलो जास्त असं करू नकोस. बूट मात्र बदल. तू पाठवलेल्या फोटोत मऊ, जाड तळव्याचे रनिंग शूज दिसतायत, त्यात पाय आत-बाहेर डुलतो, साधे कॅनव्हासचे सपाट बूट घाल.

दुखलं तर किती चालेल, हे कुणीच नीट सांगत नाही म्हणून सांगते. शून्य ते दहा धर. करताना दोन-तीनपर्यंत चालतं, टोचल्यासारखी कळ आली तर नाही, लगेच थांब. पण खरा निकाल दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. उठल्यावर पहिला जिना नेहमीसारखाच उतरता आला, गुडघा फुगलेला नाही, तर काल केलेलं बरोबर होतं. नेहमीपेक्षा जास्त दुखला तर पुढच्या वेळी सेट कमी कर किंवा पायरी खाली घे, पण बंद करू नकोस. एकदा दुखलं की पंधरा दिवस जिम बंद, मग अपराधी वाटून एकदम ४० किलो, हे चक्र मांडी कधीच भरू देत नाही.

खाण्याचं तू विचारलं नाहीस तरी लिहिते, कारण संध्याकाळी चहा-पोळीवर जिम करणाऱ्या खूप जणी आहेत. स्नायू वाढायला प्रोटीन लागतं, तुझ्या वजनाला दिवसाला ७० ते ९० ग्रॅम. नुसत्या आमटी-भात-भाजीत तेवढं होत नाही. दोन अंडी धरली तर १२ ग्रॅम, ५० ग्रॅम कोरडे सोया चंक्स २५ च्या पुढे, बाकी दही, पनीर, मटकीची उसळ जरा मोठी वाटी. किडनीचा काही त्रास असेल तर आधी विचारून.

मोजायचं काय? शिवणकामाची टेप घे, वाटीच्या वरच्या कडेपासून १५ सेंटीमीटर वर खूण कर, दोन्ही मांड्यांचा घेर लिहून ठेव, आणि महिन्यातून एकदाच बघ, रोज नको. ताकद आधी वाढेल, घेर मागून येईल, त्यामुळे दोन महिन्यांनी टेप तिथेच दिसली तरी निराश होऊ नकोस, लेग प्रेस बघ. सहा आठवड्यांनी एकेका पायाने परत तसाच दहा वेळांचा हिशेब कर.

सासूबाईंना हे सगळं समजवायला जाऊ नकोस, त्यांना एवढंच सांग की जिना उतरताना दुखू नये म्हणून करतेय. त्यांना काळजी आहे, विरोध नाही, हे तुझ्या पत्रातच दिसतं. कोण जाणे, खुर्चीवरून उठायचा प्रकार त्या पण करतील, त्यांच्या वयाला तो फारच चांगला.

आणि गावचा संडास. त्याला घाबरणं साहजिक आहे, तिथे गुडघा १३० अंशाच्या पुढे वाकतो, लादी ओली असते, धरायला काही नसतं, आणि घाईत उठायचं असतं. डॉक्टरांनी पूर्ण खाली बसायला हो म्हटलं की पुण्यातच सराव सुरू कर, वजनाशिवाय. खिडकीचा गज किंवा दाराच्या दोन्ही बाजूंची मुठी धरून, हातांवर भार घेत, टाचा टेकलेल्या ठेवून जमेल तितकं खाली, दहा सेकंद थांब, वर ये. टाच टेकत नसेल तर खाली पुस्तक ठेव, इथे चालतं कारण हातांचा आधार आहे. दर आठवड्याला थोडं खाली. घाईघाईच्या बैठका, तालमीतल्या, त्या यात धरू नकोस, त्या पुष्कळ पुढच्या. आणि गावी फोन करून दिराला सांग, संडासात उजव्या हाताच्या भिंतीला एक मजबूत हँडल बसवून घ्या, टॉवेलचा रॉड नको, भिंतीत पक्का बोल्ट मारलेला. सासूबाईंना पण लागेलच तो. उठताना हँडल धरायचं, उजवा पाय जरा मागे घ्यायचा, आधी पुढे झुकायचं आणि मग उठायचं. पायात रबरी तळव्याची चप्पल, गुळगुळीत झालेली जुनी स्लिपर नाही.